दहावी-बारावी झाली, आता पुढं काय? विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून येणारे नेहमीचे प्रश्न

निकाल लागले की आमच्या तालुक्याच्या वाचनालयात आम्ही काही शिक्षक संध्याकाळी टेबल टाकून बसतो. फॉर्म भरून देतो, कागद तपासतो, शंका ऐकतो. मुलं बदलतात, पण प्रश्न फारसे बदलत नाहीत, म्हणून इथं एकदा सविस्तर लिहून ठेवतो. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच बोलीत ठेवले आहेत. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडे हलतात, तेव्हा शेवटचा शब्द त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेचा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफचा नाही.

सर, पोट्ट्याले ८२ टक्के भेटले. सायन्सच घ्या लागते ना आता?

लागत नाही. आधी गुणपत्रिका काढा आणि टक्के बाजूला ठेवा. दहावीची टक्केवारी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’वर निघते, म्हणजे सर्वांत कमी गुणांचा विषय बेरजेतून गळतो. शिवाय प्रत्येक विषयात २० गुण शाळेच्या हातचे असतात, आणि ते बहुतेक शाळा सढळ हातानं देतात. कुणाला चित्रकलेचे किंवा खेळाचे वाढीव गुणही मिळालेले असतात. या सगळ्याच्या आड गणितातले ४८ गुण सहज लपतात. तेव्हा गणित आणि विज्ञानात ८० पैकी लेखी किती पडले, एवढंच बघा. तिथं ५५-६० च्या वर असेल आणि मुलगा स्वतःहून गणितं सोडवत बसत असेल, तर सायन्स खुशाल घ्या. शेजारच्या पोराने घेतलं, हे कारण पुरत नाही.

दुसरं, अकरावीचा फॉर्म भरतानाच गणित सोडायचं की ठेवायचं हे ठरवावं लागतं. गणित सोडून नुसतं बायोलॉजी ठेवलं तर इंजिनिअरिंगचं दार बंद. बायोलॉजी सोडलं तर मेडिकल, बी.एस्सी. नर्सिंग बंद. बी.एस्सी. कृषी आणि बी.फार्म.ला मात्र दोन्हीपैकी कोणताही गट चालतो. चारही विषय ठेवणाऱ्या मुलाला फिरायला जागा राहते, पण अभ्यासाचा भार खराच जास्त असतो. मुलाचा कल पक्का दिसत नसेल तर आम्ही चारही ठेवायला सांगतो आणि दिवाळीनंतर पुन्हा विचार करायला लावतो.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, खेड्यातलं कनिष्ठ महाविद्यालयसुद्धा त्यात आलं. दहा कॉलेजांपर्यंत पसंती देता येते. पहिल्या क्रमांकावर टाकलेलं कॉलेज लागलं आणि तुम्ही गेला नाहीत, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडता. म्हणून पहिल्या नंबरवर खरोखर जायचं असेल तेच कॉलेज टाका.

कॉलेज गावाकडं, हजेरी लागत नाही, अन् क्लास अकोल्यात. असं करू का?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, पण करतात पुष्कळ जण. नाव खेड्यातल्या कॉलेजात, मुलगा अकोला, नागपूर किंवा लातूरला क्लासच्या खोलीवर. कॉलेजला पटसंख्या मिळते, क्लासला फी मिळते आणि मुलाला दोन वर्षं प्रयोगशाळा दिसत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: खरोखर हुशार आणि शिस्तीच्या मुलाचंही यात नुकसान होतं, मग बाकीच्यांचं काय सांगावं!

बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात ७० लेखी, ३० प्रात्यक्षिक असतात. प्रात्यक्षिकाचे ३० फुकटात पडतीलही. पण पिपेट हातात न धरलेला मुलगा बी.फार्म.च्या पहिल्या वर्षी कसा उभा राहतो हे आम्ही पाहिलं आहे. शिवाय घरापासून लांब खोलीत राहणारं सोळा वर्षांचं पोरगं मागं पडू लागलं, तर ते घरी सांगत नाही. बापाने कर्ज काढून फी भरलेली असते ना! ते बारावीच्या निकालात कळतं, तेव्हा हातात वेळ उरलेला नसतो.

क्लास लावायचाच असेल तर ज्या गावात क्लास तिथल्याच चालत्या कॉलेजात नाव घाला. तेही परवडत नसेल तर ‘महाज्योती’ बघा. तिचं मुख्यालय नागपुरात आहे. इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती-जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना ही सरकारी संस्था जेईई, नीट आणि सीईटी या प्रवेशपरीक्षांचं ऑनलाइन शिक्षण मोफत देते, सोबत टॅबलेटही देते. अर्ज दहावीच्या निकालानंतर निघतात आणि मुदत लवकर संपते.

नीट द्यावी का सीईटी?

दोन्ही देता येतात. फरक समजून घ्या.

नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबरला चार मिळतात, चुकलं की एक जातो. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस आणि पशुवैद्यक हे सगळे प्रवेश हिच्याच गुणांवर होतात. एमएचटी-सीईटी ही राज्याची परीक्षा २०० गुणांची, तिथं उणे गुण नाहीत. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतात. इंजिनिअरिंग, फार्मसी आणि कृषीसाठी ती चालते. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते. सीईटीत गणित तेवढं इंग्रजीतच असतं.

उणे गुण नसताना सीईटीत प्रश्न रिकामा सोडून येणारी मुलं दरवर्षी भेटतात. शाळेत कुणी सांगितलेलंच नसतं.

एमबीबीएसबद्दल थोडं कडू बोलतो. पूर्वी महाराष्ट्रात ७०:३० असा विभागवार कोटा होता. तो २०२० मध्ये गेला. आता विदर्भातला मुलगा राज्यातल्या एकाच यादीत उभा असतो. तेव्हा पहिल्या प्रयत्नात ३०० च्या आसपास गुण पडले असतील, तर ‘रिपीट’च्या नावावर वर्ष घालवण्याआधी एक हिशोब करा. वेळ लावून, एका जागी बसून मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवा. पुन्हा तेवढेच पडले तर अडचण वेळेची नाही. दुसऱ्यांदा रिपीट करायला आम्ही सहसा हो म्हणत नाही.

डॉक्टर-इंजिनिअर सोडून सायन्सवाल्यानं जावाव कुठं?

आपल्याकडं शेती आहे, जनावरं आहेत, संत्रा आहे, धान आहे, तरी कृषी आणि पशुवैद्यकाचं नाव पोरं शेवटी काढतात. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. बी.एस्सी. कृषी चार वर्षांचं. शासकीय महाविद्यालयाची फी खासगी इंजिनिअरिंगपेक्षा पुष्कळ कमी. शेतकरी कुटुंबातल्या मुलांना सातबाऱ्यावर गुणांचा अधिभार मिळत आला आहे, म्हणून सातबारा फाइलीत ठेवाच. मुलाचं किंवा आईबापाचं नाव त्यावर चढलेलं आहे का, हे आधी पाहून घ्या. आजोबांच्या नावावरची जमीन वाटणी न होता तशीच पडलेली असते आणि ऐन वेळी फेरफार होत नाही.

कृषी पदवीनंतर राज्यसेवेतल्या कृषी जागा, बँकांमधले कृषी अधिकारी, बियाणे-खत कंपन्या असे रस्ते निघतात. कीटकनाशक विक्रीचा परवाना काढायचा तरी कृषी पदवी किंवा पदविकेसारखी पात्रता लागते, हे कृषी केंद्र टाकायचं स्वप्न बघणाऱ्या मुलांना ठाऊक नसतं. खासगी कृषी महाविद्यालयांचा मात्र फार सुळसुळाट झाला आहे. प्रवेशाआधी तिथं जाऊन या आणि कॉलेजचं वावर कुठं आहे ते विचारा. बोट दाखवता आलं नाही तर परत या.

पशुवैद्यक साडेपाच वर्षांचं, नागपूरला शासकीय महाविद्यालय आहे. मत्स्य महाविद्यालयही नागपुरात, तर दुग्ध तंत्रज्ञानाचं पुसदजवळच्या वरूडला. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांच्या काठी वाढलेल्या पोरांनी मत्स्यशास्त्राचं नाव ऐकलेलं नसावं, याचं आम्हाला नवल वाटतं.

नर्सिंग आणि फार्मसी पुढं एजंटांच्या प्रश्नात येतील. तिथंच फसवणूक जास्त होते.

आयटीआयले टाकलं तर लोकं म्हन्तीन, पोट्टं नापास झालं.

म्हणू द्या. लोकांना वीज गेली की तारतंत्रीच (वायरमन) लागतो.

खरं सांगायचं तर आमच्या तालुक्यात बारावीनंतर बी.एस्सी.ला नाव घालून घरी बसलेल्या मुलांपेक्षा, दोन वर्षं मन लावून आयटीआय केलेल्या मुलांचं गाडं आधी रुळावर आलेलं दिसतं. वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री, जोडारी (फिटर) हे दोन वर्षांचे व्यवसाय. संधाता (वेल्डर) एक वर्षाचा. प्रवेश दहावीच्या गुणांवर, ऑनलाइन. शासकीय आयटीआय जवळपास प्रत्येक तालुक्याला आहे. चांगल्या व्यवसायांच्या जागा पहिल्याच फेरीत भरतात, म्हणून ‘बाकी काही नाही लागलं तर आयटीआय’ असं म्हणून ऑगस्टमध्ये आलेल्याला उरलेलं मिळतं.

आयटीआय संपलं की लगेच कामाला पळू नका, शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) करा. तिथं विद्यावेतन मिळतं आणि वर उमेदवारीचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. विदर्भात त्याला जागा आहेत: वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) कोळसा खाणी, चंद्रपूर-कोराडी-खापरखेडा-पारसची औष्णिक वीज केंद्रं, महावितरण, भद्रावती, अंबाझरी आणि भंडाऱ्याचे आयुध निर्माणी कारखाने, बुटीबोरीची औद्योगिक वसाहत. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत दहावीसोबत वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र मागतात. तिथं बी.ए.वाला अर्ज करू शकत नाही, हे लक्षात घ्या.

आणि दार इथंच बंद होत नाही. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे, तिथून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. लांबचा रस्ता आहे, पण प्रत्येक टप्प्यावर हातात काम येतं.

बारावी करून इंजिनिअरिंग, का दहावीनंतर पॉलिटेक्निक?

गणित बरं आहे पण सीईटीची धास्ती आहे, अशा मुलाला पॉलिटेक्निक मानवतं. तीन वर्षं, दहावीच्या गुणांवर प्रवेश. यवतमाळ, वाशीम, खामगाव, मूर्तिजापूर, आर्वी, साकोली, ब्रह्मपुरी, गोंदिया, गडचिरोली इथं शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. पदविका झाल्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पहिलं सत्र जड जातं, मराठी शाळेतून आलेल्यांना विशेष. तेवढं सत्र घरच्यांनी दम धरायचा.

खासगी इंजिनिअरिंगबाबत आमचा सल्ला एकच: अमरावती, नागपूर, यवतमाळ, चंद्रपूरच्या शासकीय महाविद्यालयांत जी शाखा मिळेल तिचा विचार आधी करा. ‘कॉम्प्युटरच पाहिजे’ म्हणून आडगावच्या रिकाम्या खासगी कॉलेजात जाण्यापेक्षा शासकीयमधलं सिव्हिल किंवा इलेक्ट्रिकल बरं. यावर आमच्यातच वाद होतात. एक सहकारी म्हणतात, शाखा महत्त्वाची, कॉलेज नाही. त्यांचंही सगळंच चूक नाही, पण ते नागपूरच्या मुलांना धरून बोलतात.

बीए केलं म्हंजे वाया गेलं का?

नुसतं बीए करून तीन वर्षं एसटीने ये-जा केली तर हो, बरंचसं. कारण ठेवून केलं तर नाही.

सरकारी नोकरीच्या तयारीला पदवी कोणतीही चालते. मग बीएच का घ्यायचं? तर वेळ मिळतो आणि इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र परीक्षेच्या कामी येतात. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे आता चार पानं नीट मराठीत लिहिता यायला हवीत. कलाशाखेच्या मुलाने तीन वर्षांत तेवढं कमावलं तर तो मागं नाही. खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३ आहे. पण ही मर्यादा गाठेपर्यंत अभ्यासिकेत बसायचं असा त्याचा अर्थ होत नाही! तीन-चार गंभीर प्रयत्न, तेही हाताला दुसरं काहीतरी धरून. हे बोलून दाखवणारा गावात कोणी नसतो, म्हणून आम्ही बोलतो.

पोलीस भरतीला बारावी पुरते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणं, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००. पुरुषांना उंची १६५ सेंमी, महिलांना १५५ लागते. आधी उंची मोजा, मग बूट घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटाकडच्या मुलांनी वनरक्षकाची भरती नजरेत ठेवावी. तिथं बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एखादा विषय असावा लागतो. अकरावी कलाशाखेत विषय निवडताना भूगोल सोडणाऱ्या मुलाला हे तेव्हाच कळायला हवं.

डी.एड., बी.एड. म्हणाल तर शिक्षणाची आवड असेल तरच. टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट ही भरतीची अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची वाट. तेवढं थांबायची तयारी हवी. ‘संस्थेत चिकटवून देतो, एवढे द्या’ म्हणणाऱ्याला वावर विकून पैसे देऊ नका.

कॉलेज चालू असतानाच काय शिकून ठेवाव?

टंकलेखन. हसू नका. लिपिकाच्या बहुतेक भरतीत मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिटाचं शासकीय प्रमाणपत्र मागतात आणि जाहिरात निघाल्यावर ते सहा महिन्यांत हाती येत नाही. पहिल्या वर्षी करून टाका.

बी.कॉम.वाल्याने टॅली आणि जीएसटीचं विवरण एखाद्या कर सल्लागाराकडं बसून शिकावं, वर्गातून ते येत नाही. बाकी, नव्या शैक्षणिक धोरणात पदवीचा आराखडा बदलला आहे. वर्षावर्षाला बाहेर पडून प्रमाणपत्र किंवा पदविका घेता येते आणि चौथं वर्ष ऐच्छिक आहे. ‘एका वर्षात सोडलं तरी सर्टिफिकेट मिळते’ या भरवशावर कोणी शिक्षण सोडू नये. बाजारात त्या कागदाला अजून भाव आलेला नाही.

कागदं कोन्ते लागतात? अन् आत्ताच काहून?

सगळ्यांत जास्त लिहायचं ते इथंच. आमच्या पाहण्यात गुण असूनही जागा गेली ती बहुतेक कागदापायी.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र (पडताळणी समितीने तो दाखला तपासून दिलेलं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिनिअरिंग, मेडिकल, कृषी, फार्मसी यांत आरक्षणातून जागा हवी तर वैधता लागते. नसेल तर मुलगा खुल्या यादीत जातो. वैधतेसाठी ठरावीक तारखेच्या आधीचा वडिलांकडच्या नातलगाचा जातीची नोंद असलेला पुरावा मागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७.

हा पुरावा मिळतो कुठं? पणजोबा-आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात. गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागा. कापडी बस्त्यात बांधलेली ही जन्म-मृत्यूची जुनी पुस्तकं असतात. पानं हात लावताच तुटतात, काही नोंदी मोडीत. बहुतेक वेळा बाळाचं नावच नसतं. ‘अमक्याला मुलगा’ एवढं लिहिलेलं, पुढं बापाची जात आणि गाव. मग त्या ‘मुलगा’चं नाव आजोबांच्या शाळेच्या दाखल्यातल्या किंवा सातबाऱ्यातल्या नावाशी जुळवून वंशावळ मांडावी लागते. एका कागदात ‘कुणबी’, दुसऱ्यात ‘कुनबी’. एकात आडनाव, दुसऱ्यात नुसतं बापाचं नाव. प्रत्येक फरकाचं शपथपत्र करा. वडिलांची, काकांची किंवा आत्याची वैधता आधीच झालेली असेल तर काम फार सोपं होतं, म्हणून आधी भाऊबंदकीत विचारा. बोलणं बंद असलं तरी विचारा.

अर्ज अकरावीतच करा. बारावीच्या निकालानंतर धावणाऱ्यांना सरकार कधी मुदतवाढ देतं, कधी नाही. आदिवासी जमातींच्या पडताळणी समित्या वेगळ्या असतात, तिथं वेळ जास्त लागतो.

नॉन-क्रीमीलेअर हा इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके आणि विशेष मागासांना लागणारा दाखला ३१ मार्चला संपतो. तुमच्याकडचा ज्या ३१ मार्चपर्यंत आहे तो प्रवेशाच्या वर्षानंतरचा असावा. मागच्या मार्चमध्ये संपलेला दाखला घेऊन दरवर्षी कोणी ना कोणी येतंच. जेईईतून नागपूरच्या व्हीएनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थेत जायचं असेल किंवा नीटच्या अखिल भारतीय कोट्यात उतरायचं असेल, तर केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो. आर्थिक दुर्बलांच्या दाखल्याचंही तेच.

बाकी वय-अधिवास, उत्पन्नाचा दाखला, टी.सी. आणि आधार. दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव जसं आहे तसंच आधारवर करून घ्या.

पैसा नाही. पेरनी अन् ॲडमिशन एकाच टायमाले येते.

खरं आहे, आणि मंत्रालयात वेळापत्रक बनवणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही. बियाणं-खताचा खर्च जून-जुलैत, प्रवेशही तेव्हाच. कापसाचा पैसा दिवाळीनंतर येतो, धानाचाही तेव्हाच. म्हणून फी किती यापेक्षा ती केव्हा भरायची हे आधी विचारा. उन्हाळ्यातच निदान पहिल्या हप्त्याचे पैसे बाजूला काढून ठेवा. सावकाराकडं जायची वेळ पहिल्या हप्त्यालाच येते.

आता सवलती. बहुतेक ‘महाडीबीटी’ या सरकारी संकेतस्थळावर भरायच्या असतात.

अनुसूचित जाती-जमातींना अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती. खुल्या प्रवर्गातल्या आठ लाखांच्या आतल्यांना राजर्षी शाहू महाराज योजनेत शिक्षण शुल्काचा अर्धा भाग. वसतिगृहात राहणाऱ्यांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्धांना ‘स्वाधार’, आदिवासी मुलांना ‘स्वयंम’, इतर मागासवर्गीयांना ‘ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार’. वसतिगृहात नंबर लागला नाही तर घरी परतू नका, या योजनांचा अर्ज करा.

शुल्कमाफीची ‘टीएफडब्ल्यूएस’ फार थोड्यांना माहीत आहे. इंजिनिअरिंग आणि पदविकेत काही जादा जागा असतात, उत्पन्न आठ लाखांच्या आत, जातीची अट नाही, शिक्षण शुल्क माफ. पसंती भरताना तिचा कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’ येतो. तो भरलाच नाही तर आपोआप मिळत नाही.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. मुलाचं पाचवीत असताना काढलेलं आणि मग बंद पडलेलं खातंच जोडलेलं असतं आणि शिष्यवृत्ती तिकडं जाऊन अडकते. बँकेत जाऊन कोणतं खातं जोडलंय ते विचारा. आणि शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी आपसूक चालू राहत नाही, नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी करावा लागतो.

कर्ज घ्यायचं झालं तर राष्ट्रीयीकृत बँकेतून, गावातून नाही. साडेचार लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असेल तर ठरावीक अभ्यासक्रमांना शिक्षणकाळातल्या व्याजावर केंद्राची सवलत आहे. शाखेतला साहेब ‘नंतर या’ म्हणाला तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

पोरीले नागपूर-अमरावतीले ठेवू का? लोकं बोलतात.

ठेवा, दादा. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एकच, प्रवेश कॅप (सरकारची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून झालेला असावा. ‘मॅनेजमेंट’मधून पैसे भरून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. फी नसताना फक्त राहण्या-खाण्याचा खर्च उरतो आणि त्यासाठी मुलींची शासकीय वसतिगृहं आहेत.

वसतिगृह बघायला आईला घेऊन जा. अधीक्षक तिथंच राहतात का, संध्याकाळी गेट किती वाजता लागतं, पाणी कुठून येतं, हे आईच नीट विचारते. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात जायला तर काहीच कारण नाही. शेवटची बस चुकली तर कुणाकडं थांबायचं, तेवढं ठरवून ठेवा.

स्थळ आलंय म्हणून दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडवणारे बाप आम्हाला भेटतात. आम्ही त्यांना पदवीपर्यंत थांबायला सांगतो. स्थळ पुन्हा येतं.

इंग्रजी येत नाही, जमन का?

जमतं, पण पहिले सहा महिने जिवावर येतात. अकरावीची पुस्तकं उन्हाळ्यातच आणा. धडा आधी मराठीत समजून घ्या, मग इंग्रजीत वाचा आणि वहीत दोन रकाने करून शास्त्रातले शब्द लिहा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षांची काही पुस्तकं एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेने मराठीतही काढली आहेत, ती फुकट मिळतात. आणि वर्गात न कळलेलं विचारा. शहरातली पोरंसुद्धा तितकीच गप्प बसलेली असतात.

गावात माणूस आला, म्हन्ते नर्सिंगले डायरेक्ट लावून देतो, नोकरी पक्की.

त्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

कॉलेजला मान्यता कुणाची ते विचारा. नर्सिंगला नर्सिंग कौन्सिलची, फार्मसीला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची, तांत्रिक अभ्यासक्रमांना एआयसीटीईची. या सगळ्यांच्या याद्या त्यांच्या संकेतस्थळांवर असतात, तिथं कॉलेजचं नाव स्वतः शोधा. त्याने दाखवलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. ‘पॅरामेडिकल’ नावाखाली तालुक्याच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या पदविकांपासून विशेष जपून. मूळ कागद कुणाच्याही हवाली करू नका. तपासून लगेच परत द्यायचे, अडकवून ठेवायचे नाहीत, असा यूजीसीचाच (विद्यापीठ अनुदान आयोग) नियम आहे. तरी काही कॉलेजं ठेवून घेतात आणि मग दुसरीकडं नंबर लागला तरी मूल बाहेर पडू शकत नाही. बंगळुरूला ‘पॅकेज’मध्ये जाणाऱ्यांनी वसतिगृह, गणवेश, परीक्षा, सगळं धरून एकूण आकडा लेखी घ्यावा.

फॉर्म सेतूवर भरू का घरी? मोबाइल नंबर कोनाचा देऊ?

कुठंही भरा, पण पसंतीक्रम स्वतःच्या हाताने कागदावर लिहून न्या. सेतूवाला घाईत त्याच्या माहितीतली पाच कॉलेजं टाकून देतो. कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती लागली तर तीच पक्की होते, मागं फिरता येत नाही. क्रम ‘कुठं लागेल’ या अंदाजावर लावू नका. जे सर्वांत जास्त हवं ते वर, मग खाली उतरत जा. वरचं न लागल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. जागा लागली की मुदतीत एक हजार रुपये स्वीकृती शुल्क भरून कॉलेजला हजर व्हायचं. शेवटच्या दिवशी पोर्टल अडकतं आणि आपल्याकडं त्याच दिवशी वीजही जाते.

मोबाइल नंबर घरातला, कायम चालू राहणारा. सेतूवाल्याचा नाही आणि रिचार्ज संपला की बदलणाराही नाही. ओटीपी त्यावरच येतात. लॉगिनचा पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहा, त्या पानाचा फोटो आईच्या फोनमध्ये ठेवा आणि भरलेल्या फॉर्मची प्रिंट घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.